न पोचलेली अकरा मिनिटं

आमच्या घरातून बाहेर जाणारा आवाज तुटायचा. आत येणारा तुटत नसे. माझी पुतणी जर्मनीत असते. ती बोलली की तिचा शब्दन् शब्द इथं सणसरला ऐकू यायचा, तिच्या स्वयंपाकघरातल्या नळाची धारसुद्धा. पण तिची आई इथून जे बोलायची ते तिकडं पोचायचं नाही, पोचलं तर तुकडे होऊन पोचायचं.

तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीतल्या एका दुपारी, तिकडच्या सकाळी, ही पुतणी घरात एकटी होती. सातवा महिना चालू होता आणि तिला रक्त जायला लागलं. तिनं आईला फोन लावला. पलीकडून काहीच ऐकू आलं नाही आणि थोड्या वेळानं फोन कट झाला. आईनं घाबरून फोन ठेवला, असं तिनं धरलं आणि ते धरूनच ठेवलं. तिच्या आईनं, म्हणजे माझ्या वहिनीनं, घाबरून फोन ठेवला नव्हता. ती अकरा मिनिटं बोलत होती. हे मला माहीत आहे, कारण मी ते बघत होतो. बारामतीला, शाळेत, शिक्षकांच्या खोलीत बसून.

एवढं लिहायला मला तीन वर्षं लागली. मी मुळातच कमी बोलणारा. दादा चारचौघांत म्हणायचा, "ह्येच्या तोंडातनं शबूद काढायचा म्हंजी बोअरमधला अडकलेला पंप काढायचा." लोक हसायचे, मीही हसायचो. त्या हसण्याआड पुष्कळ काही झाकता येतं, हे मला लहानपणीच कळलं होतं.

दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. वडील गेल्यावर दोन वर्षांनी आमची वाटणी झाली. भांडण न होता झाली असं गावात सांगतात, आणि ते खरं आहे. रान वाटलं, घराच्या मधोमध भिंत घातली, तलाठ्याकडं नोंदी केल्या. विहीर तेवढी सामायिक राहिली, एक दिवस त्याची पाळी, एक दिवस माझी. दुसरी सामायिक गोष्ट म्हणजे इंटरनेट. ते सात-बाऱ्यावर येत नाही, त्यामुळं वाटणीत त्याचा विषयच निघाला नाही. कनेक्शन माझ्या नावावर. राउटर, आमच्याकडं त्याला डबाच म्हणतात, माझ्या बाहेरच्या खोलीत. तिथून भिंतीला भोक पाडून एक वायर दादाच्या स्वयंपाकघरात नेली होती आणि तिकडच्या खिडकीत दुसरा जुना डबा बसवला होता. आमची वस्ती कालव्याखालच्या खोलगट जागेत आहे. मोबाइलची रेंज घरात येतच नाही, कालव्याच्या भरावावर चढावं लागतं. त्यामुळं पुतणीचा फोन यायचा तो या नेटवरच.

आता विहिरीचं सांगतो, कारण सगळं तिथून सुरू झालं.

मी सकाळी शाळेला जातो ते संध्याकाळी येतो. एकदा संध्याकाळी विहिरीत डोकावलो तर पाणी नेहमीच्या दगडाच्या खाली होतं. दुसऱ्या दिवशीही तसंच. मी बांधकामाचे दगड मोजायला लागलो. माझ्या पाळीला मोटर आपोआप चालू व्हावी म्हणून मी ऑटो लावला होता, तेव्हा माझं पाणी किती जातं याचा माझ्याकडं हिशेब होता. माझ्या माघारी दादा जास्तीचं उपसतोय, असं मनात आलं. एकदा आलं ते गेलं नाही. त्याला विचारलं असतं तर विहिरीच्या काठावर उभ्याउभ्या मिटलं असतं. पण विचारणं मला कधी जमलं नाही.

त्या वर्षी आमच्या भागात मोटरची केबल चोरीला जायची. ते निमित्त झालं. मी फाटकावर कॅमेरा बसवला. दादाला दाखवून बसवला. तो म्हणाला, "बरं केलंस. त्येचं तोंड जरा माझ्याबी दाराकडं फिरव." मी फिरवलं. दुसरा कॅमेरा बसवला तो दादा आणि वहिनी कळंबला लग्नाला गेले होते त्या दिवशी. माझ्या गच्चीवर पाण्याच्या टाकीचा लोखंडी मांडव आहे, त्यावरच्या पाइपाच्या मागं. तिथून विहीर दिसायची, मोटरची पेटी दिसायची आणि दादाचं सगळं मागचं अंगण दिसायचं. धुण्याचा दगड, बाज, दोरीवरचे कपडे. हे मी कुणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

दुसऱ्या आठवड्यात तो मला सापडला, म्हणजे सापडला असं वाटलं. माझ्या पाळीचा दिवस होता. अकरा वाजता लाइट आली आणि दादा पेटीजवळ जाऊन बटण दाबताना दिसला. मी शाळेत होतो. मग त्यानं फावडं उचललं, माझ्या मक्याच्या कडेला गेला आणि वाफ्याचं तोंड उघडलं. माझा ऑटो कधीच बिघडला होता. कितीतरी महिने दादा माझ्या पाळीला माझ्याच पिकाला पाणी देत होता आणि मला त्याबद्दल एक शब्दही बोलला नव्हता.

त्या दिवशी कॅमेरा काढायला हवा होता. काढला नाही. आज विचार केला तर याचं कारण मला नीट सांगता येत नाही. बघायची सवय लागली होती, एवढंच कळतं. ज्याच्याबद्दल वाईट मनात आणलं तो चांगला निघाला, तर त्याचा थोडा रागसुद्धा येतो. तोही असेल.

पुतणीची आधीची दोन गरोदरपणं अर्ध्यावर गेली होती. दुसऱ्या वेळी ती फोनवर सगळं सांगत असताना वहिनी म्हणाली होती, "मला ऐकवत न्हाय गं," आणि फोन दादाच्या हातात देऊन उठून गेली होती. वहिनीला रक्ताचं नाव काढलेलं चालत नाही. बोट कापलं तर स्वतःचंच बोट ती दुसऱ्याकडं देते आणि मान फिरवते. पुतणीनं ते मनात ठेवलं होतं. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी तिला झोपूनच राहायला सांगितलं. नवरा सकाळी कामाला गेला की ती एकटी पडायची. मग रोज दुपारी दीडला, तिकडच्या सकाळी नऊला, वहिनी मागच्या अंगणात धुण्याच्या दगडावर बसून तिच्याशी बोलायची. काल काय खाल्लंस, पाय सुजलेत का, खिडकीतून काय दिसतं. खिडकीतला डबा तिथून जवळ होता.

आणि तेव्हाच आवाज तुटायला लागला.

"आई, ऐकू येत नाही. आई, परत बोल." हे मी भिंतीपलीकडून रविवारी ऐकायचो. वहिनी फोन उंच धरून ओरडायची. एक दिवस ती आणि दादा दोघं माझ्याकडं आले.

"भावजी, तुमी शिकलेले. बघा की जरा काय हुतंय. पोरगी तिकडं घाबरी हुती."

मी डबा टेबलावरून कपाटावर ठेवला. वायर बदलली. दादाच्या घरातला डबा खिडकीतून फळीवर नेला. फोन चालू असताना टीव्ही बंद ठेवा म्हणालो. काही फरक पडला नाही. मग मी दादाला म्हणालो, "तू दुपारी कुस्त्या बघतोस ना फोनवर, त्यानं नेट खाल्लं जातं."

"एवढ्यानं व्हय?"

"तर काय."

त्या दिवसापासून दादानं कुस्त्या बघायचं सोडलं. दुपारच्या जेवणानंतर बाजेवर पडून बघायचा, तेवढाच त्याचा विरंगुळा होता. आता तो नुसता आढ्याकडं बघत पडायचा. तेही मला टाकीवरून दिसायचं.

शेवटी केबलवाल्यांना बोलावलं. माझ्याच वयाचे, दाढी पांढरी झालेली. सगळी वस्ती त्यांना भाई म्हणते. त्यांनी मांडीवर लॅपटॉप उघडला, चहा बाजूला ठेवला आणि पडद्यावरचे आकडे बघत राहिले. दादा त्यांच्या खांद्यावरून बघत होता.

"खाली येणारं झकास हाय," ते म्हणाले. "वर जाणारं भरलंय. नेटला दोन रस्ते असत्यात, सर. खाली यायचा मोठा, वर जायचा बारका. तुमच्या घरातनं कायतरी चोवीस तास वर चढतंय. आवाज बिचारा त्येच्या मागं रांगंत हुबा."

"मग जास्तीचं नेट घ्यावं लागंल का?" दादानं विचारलं.

"गरज न्हाय, आबा. तुमच्या डाळिंबाला ठिबक हाय न्हवं? झाडाला थेंबच लागतो, पर थेंब चुकाय नको. लाइनीला कुणी मदीच मोकळा पाइप सोडला तर शेवटच्या झाडाला काय जाईल? आवाजाचं तसंच. त्येला लई लागत न्हाय. पर हितं कुणीतरी मोकळा पाइप सोडलाय." मग त्यांनी माझ्याकडं न बघता विचारलं, "कॅमेरे किती?"

"एकच," दादा म्हणाला. "फाटकावरचा. व्हय का न्हाय रं?"

"एकच," मी म्हणालो.

त्यांच्या समोर पडद्यावर यादी होती. डब्याला काय काय जोडलंय त्याची. त्यांनी ती बोटानं वर सरकवली, परत खाली आणली. आत्ता ते म्हणणार, सर, इथं तर दोन दिसतात. दादा म्हणणार, दुसरा कुठाय? आणि मग दादा नजर वर उचलणार.

"बरं," ते म्हणाले आणि लॅपटॉप मिटला.

मी त्यांना मोटरसायकलपर्यंत सोडायला गेलो. हेल्मेट हातात घेऊन ते हळू आवाजात म्हणाले, "दोन दिसले मला. दुसऱ्याचं इचारायचं माझं काम न्हाय. त्येचं चित्र बारीक करा, न्हायतर आतल्या कार्डावर घ्या, वर पाठवू नका. न्हायतर नवा डबा आणा, त्यात आवाजाला सगळ्याच्या पुढं काढता येतं. पर माणसाचा आवाज आडवू नका, सर." मग हेल्मेट घातलं आणि गेले. पुढं कितीतरी दिवस बारामतीत त्यांची मोटरसायकल उभी दिसली की मी दुसऱ्या गल्लीनं जायचो.

त्याच संध्याकाळी मी टाकीवरच्या कॅमेऱ्याचं चित्र बारीक केलं. फोनवरून होतं ते, दोन बटणं दाबायची. दुसऱ्या दिवशी दुपारी आवाज आरशासारखा स्वच्छ गेला. तीन दिवस गेला. वहिनीनं आमच्याकडं पुरणपोळ्या पाठवल्या. वर लेकीला सांगितलं ते मी रविवारी ताटावर बसून ऐकलं, "भावजींनी नेट नीट केलं गं. आता तुटायचं न्हाय." मी पोळी अर्धी टाकून उठलो.

चित्र बारीक केलं की माणसं ठिपक्यांसारखी दिसतात. विहिरीजवळ कोण उभं आहे तेही कळत नाही. चौथ्या दिवशी सकाळी शाळेला निघताना मी विहिरीत बघितलं. पाणी दोन दगड खाली होतं. ते कुठं जातं हे मला माहीत होतं, माझ्याच मक्याला जात होतं. तरी फाटकाबाहेर गाडी थांबवून मी फोन काढला आणि चित्र पुन्हा मोठं केलं. आजचा दिवसच, असं स्वतःला सांगितलं.

मधल्या सुट्टीत जेवण झाल्यावर फोनवर कॅमेरा उघडला. वहिनी धुण्याच्या दगडावर बसलेली नव्हती, उभी होती. एक हात डोक्याला, एका हातात फोन. तिचं तोंड सारखं हलत होतं. मग दादा गोठ्याकडून पळत आला. माझा दादा पळताना मी किती वर्षांत बघितला नव्हता. त्यानं फोन घेतला, कानाला लावला, परत तिच्याकडं दिला. तिनं तो तोंडासमोर आडवा धरला आणि बोलत राहिली. कॅमेऱ्याचा आवाज माझ्यापर्यंत येत होता, पण एवढ्या उंचीवर कबुतरांचं घुमणं तेवढं यायचं.

काहीतरी झालं होतं. काय झालंय ते दिसावं म्हणून मी चित्र आणखी स्वच्छ करायचं बटण दाबलं.

वहिनीनं फोन कानापासून दूर केला आणि त्याच्याकडं बघितलं. मग हलवला.

ते मला लगेच कळलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी अजून थोडा वेळ बघत राहिलो. शेजारच्या खुर्चीवरचे सर म्हणाले, "काय सर, मॅच लागली का? स्कोअर सांगा की." मी मान हलवली. आणि ती मान हलवताना कळलं. माझ्या हातात जे स्वच्छ दिसतंय ते त्याच बारक्या रस्त्यानं वर चढून इथं आलंय, आणि वहिनीचा आवाज त्याच्या मागं उभा आहे.

मी ते बंद केलं. चित्र बारीक करायचं बटण सापडेना. बोटं चुकीच्या जागी पडत होती. सापडलं, दाबलं, आणि पुन्हा उघडून बघितलं तेव्हा वहिनीनं फोन कट केला होता आणि ती पळत अंगणाबाहेर निघाली होती, कालव्याच्या दिशेनं. रेंजसाठी. दादा तिच्या मागं. दगडाजवळ एक चप्पल आणि कलंडलेली बादली राहिली. बादलीतलं पाणी वाहत वाहत चपलेपर्यंत गेलं.

तोंडी रजा सांगून मी निघालो. उसाच्या ट्रॉल्यांचे दिवस. एका ट्रॅक्टरमागं दोन-दोन, आणि प्रत्येकीच्या मागं मी अडकत होतो. पोरगी गेली असेल तर, एवढंच डोक्यात होतं. खोटं बोलत नाही, त्याच्या पाठोपाठ दुसरंही होतं. कळलं तर. या दोन भीती मला वेगळ्या करता येत नव्हत्या. सणसरला पोचलो तो घरी न थांबता सरळ कालव्याकडं गेलो.

भरावावर वहिनी गवतात बसली होती. फोन तळहातावर. दादा तिची राहिलेली चप्पल आणायला खाली जाऊन परत आला होता, ती हातात घेऊनच उभा होता.

"वाजतंय," तो म्हणाला. "उचलत न्हाय."

"ती म्हनत हुती, आई काय करू," वहिनी माझ्याकडं बघून म्हणाली. "मी सांगत हुते. पाय वर घे, शेजारणीला हाक मार, गाडी बोलव. रक्ताचं समदं ऐकलं मी, भावजी. उठले न्हाय. तिला जातच नव्हतं." मग जरा थांबून, "नेट तर तुमी नीट केलं हुतं न्हवं?"

त्या विचारण्यात बोट नव्हतं. ती खरंच विचारत होती.

"कधीकधी जातं, वहिनी," मी म्हणालो.

आम्ही तिघं तिथं पाच वाजेपर्यंत बसलो. कालव्यातून पाणी जात होतं. दर थोड्या वेळानं वहिनी फोन लावायची आणि आम्ही तिघंही त्या वाजण्याकडं कान देऊन बसायचो. पाचला जावयाचा फोन आला. पोरगी जिन्यापर्यंत सरपटत गेली होती, शेजारणीनं बघितलं, दवाखान्यात नेलं. मुलगी झाली. काचेच्या पेटीत ठेवली आहे. दोघीही वाचल्या.

वहिनीनं पदर तोंडाला लावला. दादा खाली बसला आणि ती चप्पल त्यानं तिच्या पायाशी ठेवली.

त्या संध्याकाळी मी कॅमेऱ्यानं नेटवर साठवलेली ती अकरा मिनिटं माझ्या फोनमध्ये उतरवून घेतली. पुरावा म्हणून नाही. का घेतली ते मला त्या वेळी कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीवर चढलो. शिडी हलायला लागली म्हणून वहिनी भिंतीपलीकडून आली आणि तिनं ती धरली.

"काय काढताय?"

"जुनी वायर."

"सांबाळून. तितला पाइप सुटलाय."

मी कॅमेरा बनियनच्या आत घालून खाली उतरलो. त्याच आठवड्यात नवा डबा आणला आणि त्यात पहिलं काम केलं ते आवाजाला सगळ्यांच्या पुढं काढायचं. तेव्हापासून आमच्या घरातून आवाज एकदाही तुटलेला नाही. पण त्यावरून फारसं कुणी बोलेनासं झालं होतं.

पुतणी आठवड्यातून एकदा फोन करायची. बाळ दाखवायची, मिनिटभर. मग काम आहे म्हणायची. वहिनी काही सांगायला गेली तर, "असू दे आई." एकदा मी भिंतीपलीकडून ऐकलं, "मी ठिवला न्हवता गं," आणि मग पुतणीचा आवाज, अगदी शांत, "तुला ऐकवत नाही ते मला माहीत आहे. मी काही म्हणतेय का?" वहिनी त्यानंतर जेवणात मीठ विसरायला लागली. दादानं एकदाच मला सांगितलं, "तिला वाटतं, आई असून नसल्यासारखी झाली त्या दिवशी. ह्यावर काय बोलायचं माणसानं?"

तीन वर्षं मी हे ऐकत राहिलो.

गेल्या महिन्यात पुतणीचं यायचं ठरलं. पुण्याला सासरी तीन आठवडे, सणसरला एक दिवस. वहिनी माझ्याकडं आली, ओट्यावर बसली.

"भावजी, तुमचा शबूद ती मोडत न्हाय. तिला समजावा. म्हनावं, नेट गेलं हुतं."

मी फोन केला. नेट खराब होतं, म्हणालो. अर्धं खरं. त्यावर सुटेन अशी आशा होती.

"काका," ती म्हणाली, "तुम्ही तिची बाजू घेणार हे मला माहीत होतं. पण नेट तुम्हीच नीट केलं होतंत ना? आदल्या तीन दिवसांत तिचा आवाज इतका स्वच्छ होता की मला मागची कबुतरंसुद्धा ऐकू यायची. नेमकं त्याच दिवशी खराब झालं? मी रागावले नाही तिच्यावर. फक्त आता मला माहीत आहे की वेळ आली तर तिला सांगायचं नाही. एवढंच."

मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला. वहिनीच्या विरुद्धचा एकमेव पुरावा म्हणजे नेट नीट केल्याची मला मिळालेली शाबासकी होती.

दुपारी दादा आणि वहिनी मागच्या अंगणात होते. दादाची पाळी होती, मोटर चालू होती. मी गेलो आणि फोन दादाच्या हातात दिला. "हे बघ." त्यानं चष्मा लावला. बराच वेळ त्याला कळलं नाही काय बघतोय ते. मग स्वतःला पळताना बघितलं. मग त्यानं मान वर करून आमच्या टाकीकडं बघितलं, परत फोनकडं, परत टाकीकडं.

"हे तितनं?"

"हो."

"किती दिवस हुता?"

"आठ महिने."

मोटरचा आवाज येत होता. तो म्हणाला, "आन काय घावलं?"

"काही नाही," मी म्हणालो. "तू माझ्या मक्याला पाणी देत होतास, ते दिसलं." मग बाकीचंही सांगितलं. केबलवाल्या भाईंपुढं खोटं बोललो ते, कुस्त्यांचं, त्या सकाळी फाटकाबाहेर गाडी थांबवून काय केलं ते. दादा ऐकत होता की नाही मला कळत नव्हतं. त्यानं फोन वहिनीकडं दिला आणि जाऊन मोटर बंद केली.

वहिनीनं ती अकरा मिनिटं पूर्ण बघितली. मधे एकदाही मान वर केली नाही. ती मला काही बोलेल म्हणून मी थांबलो होतो. बघून झाल्यावर तिनं पदरानं फोनची काच पुसली.

"मी बोलतीया ते दिसतंय ह्यात," ती म्हणाली. "शेवटपतूर दिसतंय."

"हो, वहिनी."

"पाठवा तिला."

"त्यात कॅमेरा कुठं होता ते तिला कळेल."

"कळू द्या."

मी पाठवलं. सोबत लिहिलं की हे मी बघत होतो, माझ्यामुळं आईचा आवाज अडला, आईनं फोन ठेवला तो भरावावर पळण्यासाठी. नवा डबा चांगला आहे, एवढं मोठं चित्र दोन मिनिटांत वर गेलं. दोन खुणा आल्या. नंतर त्या निळ्या झाल्या. आम्ही तिघं तिथं उभे होतो आणि कुणीच बसा म्हणत नव्हतं.

बऱ्याच वेळानं वहिनीचा फोन वाजला. तिनं तो उचलला आणि घरात गेली. दारातून एवढंच ऐकू आलं, "व्हय, मीच हाय. ऐकू येतंय का तुला?" मग वहिनीचं रडणं, आणि त्याच्याबरोबर फोनमधून आणखी एक रडणं, अगदी स्पष्ट.

पुतणी आता सणसरला आठ दिवस राहणार आहे. माझ्या संदेशाला तिनं उत्तर दिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी माझी पाळी होती. मी रजा टाकली. अकरा वाजता लाइट आली तेव्हा दादा त्याच्या डाळिंबात होता, माझ्याकडं पाठ करून. त्यानं वळून बघितलं नाही. मी पेटी उघडली, बटण दाबलं, फावडं घेऊन माझ्या वाफ्याकडं गेलो. वाफ्याचं तोंड कुठून उघडायचं ते मला नीट माहीत नव्हतं.

दादा माझ्याशी बोलतो. विचारलं की उत्तर देतो. पण हल्ली मागच्या अंगणात आला की आधी वर टाकीकडं बघतो. तिथं आता काही नाही, हे त्याला माहीत आहे.